चौथी पाचर

सुदुंबरे
६ ऑक्टोबर २०२४

आबा,
सविनय जय भीम.

पत्र बघून हसाल. भुशी काही परदेशात नाही. पण मी घरी आले की माझे सासरे धरणाकडे निघून जातात, आणि फोन केला की ‘हां’ म्हणून नुसता श्वास ऐकवतात. म्हटलं, कागदावरून तरी तुम्हाला पळता येणार नाही.

प्रितमला जाऊन येत्या चोवीस नोव्हेंबरला वर्ष होतंय. घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करणार नाही असं तुम्ही आकाशला सांगितलंत. मला का नाही सांगितलंत ते विचारत नाही. तुम्हाला नको असेल तर मी इथं माहेरी करते, विहारासमोरच्या मोकळ्या जागेत. भंतेंशी बोलून झालंय. वंदना झाल्यावर आकाश दोन गाणी म्हणेल, प्रितमबरोबर म्हणायचा ती. आणि मला त्याची गिटार वाजवायची आहे. मला एकच चाल येते, तुमच्या रेल्वेच्या गँगची. तीसुद्धा प्रितम ‘बास कर, कुत्री ओरडायला लागली’ म्हणायचा तशी. पण तेवढी मी वाजवणार.

आता अडचण सांगते. ती जागा ओढ्याकडे उतरती आहे, वर मध्येच उंचवटा. गेल्या रविवारी गिटार बाहेर काढून मांडून बघितली. चार पायांवर आडवी ठेवलेली ती लांबलचक पेटी बघून शेजारच्या रतनबाई विचारून गेल्या, इस्त्रीचं दुकान टाकतेस का. मी तारा दाखवल्या, खाली सळ्यांनी लटकवलेली पेडलं दाखवली. पेडल दाबलं की तारेचा सूर वर सरकतो, हे ऐकवायला म्हणून पाय ठेवला तर आख्खी गिटार माझ्या अंगावर झुकली. सूर सरकायच्या ऐवजी तीच सरकली. रतनबाई म्हणाल्या, इस्त्रीचंच बरं.

आबा, प्रत्येक कार्यक्रमाला प्रितम चहा प्यायला जायचा आणि तुम्ही गिटारीखाली शिरायचात. लॉन असो, शेत असो, गिटार कधी हलली नाही. मी सतरंजीवर बसून फोन बघत बसायचे. आता विचारते, ते कसं करायचात? आणि गिटारीच्या पिशवीत पायांखाली घालायच्या पाचरी तीनच आहेत. एका खाचेची, दोन खाचांची, तीन खाचांची. चार खाचांची कुठं आहे?

तुमची,
चैताली


भुशी
१२ ऑक्टोबर २०२४

चैताली पोरी,
जय भीम.

पत्र मिळालं. आज दसरा, विहारात वंदनेला गेलतो. तितं चार मानसं तुजी खबर इचारत हुती. बरी हाय म्हनलं. हाईस का, ते तू लिवलं न्हाईस.

मी पळत न्हाई. सांच्याला धरनाकडं जायची माजी सवय जुनी हाय. सुट्टीला लोकं येत्यात, बाटल्या टाकून जात्यात, त्या उचलतो.

आता गिटारीचं. रुळाचं जे काम त्येच हिचं काम. जिंदगीभर घाटात तेच केलं. पयलं काम, जागेवर उभी ऱ्हा आन उंच बाजू कुटली ती बघ. उंच बाजू खनून खाली करू नको, मोकळी केलेली माती दाबानं बसती. उंच बाजू तशीच धरायची आन खालची उचलायची. माती भुसभुशीत असंल तर खाली जाड फळी टाक. तू बसनार ती खुर्ची बी त्याच फळीवर पायजे. न्हाईतर गिटार एका गावाला आन तू दुसऱ्या.

चारी पाय एकदम टेकवायला जाऊ नको. आदी तीन टेकव. तीन पायांवर कुटलीबी वस्तू कुटंबी उभी ऱ्हाती. मग गिटारीवर वाटीत पानी भरून ठेव आन पाचरी आत सरकवून पानी सारकं कर. फोनमधी बी तसलं काय असतंय म्हनं, त्ये बी चालंल. पेडलाच्या सळ्या सगळ्यात शेवटी अडकव. आन तारा लावायच्या आदी गिटारीला सावलीत घटकाभर ठेव. उन्हात सूर लावलास तर सावली आली की उतरतो.

तुज्या आईला जय भीम सांग. चहात अजून दोनदा साखर घालती का?

आबा


सुदुंबरे
२० ऑक्टोबर २०२४

आबा,
जय भीम.

आई साखर अजून दोनदाच घालते. दुसऱ्यांदा घालताना ‘घातली का गं’ विचारते आणि उत्तराची वाट बघत नाही. आणि मी बरी आहे. कंपनीत पार्ट तपासते, घरी येते, जेवते. रविवार तेवढा अंगावर येतो. पूर्वी रविवारी कुठं ना कुठं कार्यक्रम असायचा ना.

तुमचं पत्र पुढ्यात ठेवून सगळं केलं. फळी आणली, खुर्ची फळीवर घेतली, पाण्याची वाटी ठेवली. तीन पाय पाचरींवर इतके छान बसले की मी एकटीच हसले. मग चौथा. पेडलाकडचा, डावा पुढचा. तिथंच उतार जास्त आणि पावलाचा सगळा जोर पण तिथंच. वीट लावली, उंच झाली. पुठ्ठा दुमडून लावला, पहिल्याच दाबाला चेपला. शेवटी आईचं पोळपाट लावलं. चाल सुरू केली आणि दुसऱ्या ओळीला पोळपाट सटकलं, गिटार कलंडली, मी गुडघ्यानं अडवली. गुडघा काळानिळा झालाय. आई पोळपाटाचं विचारतेय, गुडघ्याचं नाही.

आबा, तुमच्या पाचरी रुळाखालच्या जुन्या स्लीपरच्या लाकडाच्या. ते लाकूड दबत नाही, सटकत नाही, प्रितम सगळ्यांना कौतुकानं दाखवायचा. चौथी पण तुम्ही त्या पायासाठीच तासलेली असणार. मागच्या पत्रात मी विचारलं होतं, तुम्ही साखरेचं लिहिलंत आणि पाचरीचं विसरलात. कुठं आहे ती?

आणि अजून एक. तुम्हीच या ना. आदल्या दिवशी या, पाय बसवा, आईच्या हातचा गोड चहा प्या. एवढं लिहून पाठवण्यापेक्षा तुमचा हात लागला तर काम दोन मिनिटांचं आहे.

चैताली


भुशी
२६ ऑक्टोबर २०२४

चैताली,
जय भीम.

गुडघ्याला आंबेहळद लाव. पोळपाट कोन पायाखाली घालतं का? आईला नवं घिऊन दे.

पाचर कुटंतरी पडली असंल. आकाशच्या टेंपोत बघ. कार्यक्रम आवरताना लय घाई असायची. नसंल घावत तर शहाबादी फरशीचा तुकडा घे, त्याच्यावर सायकलच्या टायरचं रबर टाक. काम भागतंय.

माजं येनं जमनार न्हाई. गुडघं धरल्यात. एश्टीची पायरी चढवत न्हाई. तू सगळं नीट करशील, मला म्हाईत हाय.

आबा


सुदुंबरे
३ नोव्हेंबर २०२४

आबा,

गुडघे धरलेत म्हणता, आणि रोज धरणाच्या पायऱ्या चढून लोकांच्या बाटल्या उचलता. मी काय लहान आहे का?

आकाशचा टेंपो बघितला. सीट काढून बघितला. तो सीट परत बसवत होता. मग म्हणाला, वहिनी, उगाच शोधू नका, पाचर इथं नाही. मी खोदून विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं. ज्या दिवशी प्रितमला घरी आणलं, त्या दिवशी सगळे बाहेर असताना तुम्ही आतल्या खोलीत गिटारीची पेटी उघडून बसला होतात. त्या पिशवीतून काहीतरी काढून खिशात घातलंत. त्यानं डोळ्यांनी बघितलं. वर्षभर तो कुणाला बोलला नाही, तुमचा मान राखायचा म्हणून. आणि तुम्ही मला त्याच्याच टेंपोत शोधायला लावलंत.

मला कळलं, आबा. माझ्या माणसाचा श्वास संपून तास झाला नव्हता आणि तुम्हाला काळजी होती गिटार कुणाच्या हातात जाईल याची. एक पाचर काढून ठेवली की ती कुणाला मांडता येणार नाही. मला तर नाहीच. मी माहेरी यायला निघाले त्या वेळी ‘गिटार घेऊन जा’ म्हणालात तेव्हा मला वाटलं होतं, केवढं मोठं मन. पण लंगडी करून दिलीत.

मी तुमच्या घरात सून होऊन आले आणि तुम्हाला आबा म्हणत लेक झाले असं समजत होते. प्रितम डेंग्यूनं हॉस्पिटलात असताना आपण दोघं एका बाकड्यावर झोपलो, एका डब्यात जेवलो. त्याच्यानंतर तुम्ही माझ्याशी सरळ एक वाक्य बोलला नाहीत. मी रोज स्वतःला विचारते की माझं काय चुकलं. गिटार मी वाजवू नये असं वाटत असेल तर तसं लिहा. मी नाही वाजवणार. पण फरशी आणि रबर सांगून माझी समजूत काढू नका.

चैताली


भुशी
१५ नोव्हेंबर २०२४

चैताली पोरी,
जय भीम.

तुजं पत्र आल्यापासून उत्तर लिवतोय. लिवतो आन फाडतो. आता हे फाडायचं न्हाई असं ठरवून बसलोय.

आकाश खरं बोलतोय. पाचर म्याच काढली. त्याच्या टेंपोत बघ म्हनालो ते माजं चुकलं, त्याला सांग. पर पाचर माज्यापाशी न्हाई.

त्या दिवशी पिरतमला आंघूळ घातली, पांढरं कापड घातलं. बायका तुला धरून बसल्या हुत्या, तुला कायबी ध्यानात नसंल. भंते यायचं हुतं. म्या बाजूला बसलो. मला त्याच्या तोंडाकडं बघवंना, म्हनून पायाकडं बघत बसलो. डावा पाय. पेडल दाबून दाबून त्याच्या अंगठ्याखाली घट्टा पडलेला, त्यो दिसत हुता. आन माज्या मनात आलं, ह्यो आता निघाला. आजवर एका कार्यक्रमाला ह्यो माज्याबिगर गेला न्हाई. म्या पुढं जायचो, जागा बघायचो, मग ह्यो यायचा. आता ह्योच पुढं निघाला, आन तितली जमीन म्या बघितली न्हाई.

आपल्यात असलं काय मानत न्हाईत. मेल्यावर कुटं जानं न्हाई, येनं न्हाई, हे म्या सोता लोकांच्या मयतीत उभं ऱ्हाऊन सांगितलंय. पर त्या टायमाला माजा हात माजं ऐकंना. आत गेलो, पेटी उघडली, चार खाचांची पाचर घितली. कापड सारकं करतो म्हनालो आन त्याच्या डाव्या पायाखाली सरकवली. त्याच्यासंगंच गेली ती.

चारी का न्हाई दिल्या असं तू इचारशील. तीन पाय त्याला बसवता यायचं. ल्हानपनापास्नं मी शिकवलं हुतं. चौथा त्याला कधीच जमला न्हाई. ‘आबा, चौथा’ म्हनून हाक मारायचा आन चहाला जायचा. तेवढा मीच बसवायचो.

पोरी, तुजं काय चुकलं न्हाई. तुज्याशी बोलायला तोंड उघडलं की तुज्या मागं त्यो उभा हाय असं वाटतंय, आन माजा आवाज निघत न्हाई. फोनवर बी तेच. तुला घरातनं जाऊ दिलं, ती बी तुजी नोकरी तिकडं म्हनून. तू गेल्यापास्नं या घरात म्या दोन भाकरी करतो, एक कुत्र्याला घालतो.

तू गिटार वाजव. मी येनार न्हाई. तितं ती मला तीन पाचरींवर दिसंल, आन मला चार मानसांत उभं ऱ्हाता येनार न्हाई. माज्यावर रागव, पर गिटार वाजव.

तुजा,
आबा


सुदुंबरे
२६ नोव्हेंबर २०२४

आबा,
जय भीम.

तुमचं पत्र कार्यक्रमाच्या आधी पोचलं. कंपनीतून आले, दारातच उभी राहून वाचलं. आई विचारत राहिली काय झालं म्हणून. मी तिच्या हातात दिलं. तिनं वाचलं आणि आत जाऊन परत चहा टाकला, एवढंच. मला रात्रभर तुमचा तो हात दिसत होता. मी इतकं वाईट लिहिलं तुम्हाला. मला जीभ आवरत नाही हे प्रितम तुम्हाला पहिल्या दिवशीच सांगून गेला होता.

आकाशची माफी मागितली. तो म्हणाला, आबांची वस्तू होती, आबांनी घेतली.

आता परवाचं सांगते. आदल्या दिवशी आकाशनं फरशीचा तुकडा आणला, तुम्ही म्हणालात तसा, वर रबर. पाय अगदी पक्का बसला. रविवारी सकाळी मी एकटी तिथं गेले आणि तो तुकडा काढून टाकला. माझ्यानं बघवेना. तिथली पाचर त्याच्या पायाखाली गेली असताना मी तिथं दगड कसा ठेवू? तीन पाय पाचरींवर ठेवले आणि चौथा तसाच अधांतरी राहू दिला.

वंदना झाली. भंते थोडंच बोलले, नीट बोलले. आकाश दुसऱ्या गाण्याला मध्येच थांबला, बायकांनी पुढच्या ओळी म्हटल्या. मग मी बसले. पेडल दाबलं की गिटार खाली वाकायची, सोडलं की वर यायची. प्रत्येक सूर घसरला. आकाश वीट घेऊन धावत आला, मी मानेनं नको म्हटलं. लोकांना वाटलं असेल, हिला येत नाही. येत नाहीच. पण मी चाल शेवटपर्यंत नेली. समोर तुमच्यासाठी खुर्ची ठेवली होती. कुणी बसायला गेलं की आई उठवायची. मी सारखी रस्त्याकडे बघत होते, त्यात दोन जागी चुकले.

जेवणं उरकून गिटार आवरायला गेले तर त्या चौथ्या पायाखालची, फळीवरची माती कुणीतरी हातानं झाडून साफ केलेली होती. बोटांचे ठसे पण होते. पोरं खेळली असतील.

आबा, एवढ्या मोठ्या घरात दोन भाकरी करू नका. एकच करा. कुत्र्याला मी आल्यावर घालीन.

तुमची,
चैताली


भुशी
८ डिसेंबर २०२४

चैताली पोरी,
जय भीम.

पोरं न्हाई खेळली. मी आलतो.

विहाराच्या मागं, रस्त्याच्या कडंला उभा हुतो. तुज्या आईनं बघितलं. खुर्चीकडं हात केला तिनं. म्या नको म्हनलं, आन पोरीला सांगू नको म्हनलं. तिनं सांगितलं न्हाई म्हंजी मोठीच बाई हाय. सगळे जेवायला बसल्यावर तिनं चहा मात्र आनून दिला. साखर दोनदा.

तू वाजवलंस ती चाल आमच्या गँगची. नथू मुकादम हाळी द्यायचा आन आमी सगळे मिळून रूळ सरकवायचो. पिरतम ल्हान हुता, डबा घिऊन यायचा तवा ऐकायचा. तू वाजवलंस तसं नथूनं म्हनलं असतं तर रूळ आमच्या पायावर पडला असता. आन तरी मला वाटलं, थांबू नये हिनं. तो पाय वर खाली हुताना दिसत हुता. पुढं यावं आन हात लावावा असं दर टायमाला वाटलं. पाऊल उचललं न्हाई माजं. मी एवढा मोठा बाप्या, झाडाला धरून रडलो. आता सांगून टाकतो, तुला सांगायला लाज कसली.

तुमी जेवायला गेला तवा मी गिटारीपाशी गेलो. माती झाडली आन पायाखाली बोटं घालून बघितली. तीन बोटं आडवी बसली, वर जरा फट ऱ्हायली. लय खोल हाय तितली जागा. फरशी बसली म्हनतीस, पर त्ये मी न बघताच सांगितलं हुतं.

घरी आलो. रुळाखालच्या सिलिपाटाचा एक तुकडा उरला हुता, इतकी वर्सं त्याच्यावर बसून मी दाढी करायचो. त्याची पाचर तासली. लय दिवस लागलं. संगं पाठवतोय. खाचा पाडल्या न्हाईत. चार खाचांची एकच हुती, ती ज्याची त्याच्यापाशी ऱ्हाऊ दे. ही तुजी हाय. निमुळती बाजू तुज्याकडं ठेव आन हळू सरकव, ठोकू नको.

त्याच जागी मांडून बघ. पेडल जोरानं दाब, भिऊ नको. हालली तर कळव. मी येतो.

आबा